आतून काच

राजनचा व्हिडिओ आला तेव्हा मी तलावाच्या पाळीवर होतो,
रेंज तिथेच येते, बेशरमच्या झुडपापाशी,
तेही फोन डाव्या हातात धरला तर.

व्हिडिओत एक माणूस.
काळा रबरी अंगरखा, पाठीवर हवेचं नळकांडं, हातात फडकं.
आमच्या समाजमंदिराएवढ्या टाकीत उतरून
आतून काच पुसतोय.
शार्क जाते डोक्यावरून,
नांगर सुटलेला बैल घराकडे जावा तशी, घाई नाही.
बाहेर दुकानं, उजेड, आइसक्रीम,
काचेला नाक चेपून उभी असलेली एक पोरगी.

"शारजा," राजन म्हणाला. "मॉलमंधी. एक जागा खाली आहे.
पगार आयकशीन तं पाण्यात पडशीन."
म्हटलं, पडायचेच तर पैसे आहेत.

आई शिंगाडे सोलत होती. बोटं काळी.
"ते मासे खातेत का?"
नाही.
"इकतेत?"
नाही. पाहतात.
"पाहतेत, आन् घरी जातेत?"
हो.
खूप वेळ हसली. मग सुरी थांबवून,
"बुडाशी चिखल किती हाय?"
चिखल नाही गं. निळी फरशी.
"मंग पाय कुठी रोवशीन?"

बाबाच्या कानात बावीस वर्षांपासून तलावच आहे.
खुंटाला अडकलेलं जाळं सोडवायला गेला एकदा,
वर आला तो आवाज खाली ठेवून.
त्याला मी काही सांगितलं नाही, फोन हातात दिला.
तीनदा पाहिलं त्याने. अंगठ्याने थांबवून, पुन्हा.
"हा उलटा पुसते," म्हणाला.
"वरून खाली पुसाव लागते. नाही तं मळ पुन्हा वरतेच चढते."
आणि फोन परत दिला.

अर्जात एक रकाना: पोहण्याचा दाखला, कोणत्या संस्थेचा.
संस्थेचे सचिव फगवाजी वलथरे टेबलाच्या खणात
बराच वेळ हात घालून बसले.
"शिक्का आहे आपल्यापाशी," म्हणाले,
"पन त्याच्यावर 'मर्यादित' लिवलं हाय. चालन का?"

काल संध्याकाळी उतरलो.
थंडी धरली होती पाण्याने, वरचा हातभर थरच तेवढा कोमट.
डोळे उघडले.
काहीच नाही. चहासारखं पाणी, त्याच्या पलीकडे आणखी चहा.
तेव्हा लक्षात आलं,
सत्तावीस वर्षांत पाण्यात मी एकही मासा पाहिलेला नाही.
मरळ म्हणजे मनगटाला बसलेला धक्का,
शिंगूर म्हणजे करंगळीतली ठणक,
बोटरी लागते ती ओल्या चामड्याच्या पट्ट्यासारखी.
हातांनीच ओळखत आलो सगळ्यांना.
त्यांनीही मला तसंच ओळखलं असेल,
एक पाय, एक ढवळ, आणि पळा.

तिथे सगळं दिसेल.
शार्कचा दात दिसेल, दातातली फट दिसेल,
आणि मी दिसेन. चार तास. शनिवारी सहा.
पाण्यात कुणी मला पाहिलंय असं कधी झालंच नाही.
भीती वाटली की हौस, ते नाही सांगता येत.
दम संपला, वर आलो,
नाकात शिंगाड्याच्या वेलाचा वास घेऊन.

आज सकाळी अर्ज घेऊन संस्थेत गेलो.
फगवाजी यायचे होते.
खिडकीला एकच काच उरलीय, ती धुळीने पिवळी झालेली.
खांद्यावरचा दुपट्टा काढला, ओला केला,
आणि आतून पुसू लागलो.
वरून खाली.

बाहेर काशीबाईची शेळी येऊन उभी राहिली.
तोंडात बाभळीची शेंग, रवंथ थांबलेलं.
बघत राहिली.

मी हात हलवला.